काळे कार्डशीट, सतरा नग

सतरा कार्डशीट, काळे, नगाला चौदा रुपये.
चिकटपट्टी दोन, साठ.
एकूण दोनशे अठ्ठ्याण्णव.
बिलाच्या तिसऱ्या रकान्यात छापलंय: प्रयोजन.
मंगळवारपासून पेन तिथेच अडलंय.

मागल्या वर्षापर्यंत सोपं होतं.
प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो, स्वल्पविराम,
मी सांगायचे, बावन्न माना खाली,
बावन्न वह्यांत तेच वाक्य,
त्याखाली फूटपट्टीने मेणबत्ती.
लॅबला कुलूप. किल्ली डोईफोडे मामांकडे,
मामा निवृत्त होऊन आजऱ्याला गेलेले,
किल्ली बहुधा त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

यंदा नववी बच्या खिडक्या बुजवल्या.
सकाळचं अधिवेशन, आठ वाजायला आलेले,
समोर असल्फ्याच्या डोंगरावर ऊन पडलेलं,
आणि आम्ही एकेक कार्डशीट लावत
वर्गातला दिवस कमी करत गेलो.
शेवटची फट वरती, पंख्याच्या वायरजवळ.
मोईनच्या खांद्यावर चढून
निकिताने ती दप्तराने दाबून धरली.
अंधारात कुणीतरी भुताचा आवाज काढला,
कुणीतरी कुणाला तरी मारलं.

भोक पाडलं पाच रुपयांच्या नाण्याएवढं.
भिंतीवर नुसता धुरकट डाग.
'काहीच नाय दिसत, बाई.'
मी गप्प. खरं सांगू?
बी.एड.ला ती मेणबत्ती चाळीसदा काढली होती,
असं खरंखुरं कधी पाहिलंच नव्हतं.

'छोटं करा ना,' मागून सानिया वणू.
'छोटं केलं तर उजेड कमी होईल, येडे.'
'करून तर बघ.'
केलं, वाटाण्याएवढं.

आणि पोपडे आलेल्या त्या भिंतीवर
डोंगर आला.
अख्खा, रंगीत, डोक्यावर उभा.
निळ्या ताडपत्र्या खाली लोंबतायत,
पायऱ्या आभाळात उतरतायत,
मेट्रो छताला चिकटून उलटी सरकली, आवाज मात्र बाहेरूनच.
बावन्न पोरं, आणि वर्गात
पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.

मग सानिया उठली. भिंतीपाशी गेली.
बोट लावलं, तर बोटावरच एक घर आलं.
'ही माझी आई.'
हंडा घेऊन एक बाई
पायऱ्या चढत होती, म्हणजे
भिंतीवर उतरत होती.

मग कुणाला थांबवायचं?
दोन भोकं पाडली तर दोन डोंगर दिसतील का?
चौकोनी पाडलं तर चौकोनी दिसेल का?
डोळ्यात पण उलटंच पडतं, तर आपण पडत का नाही?
तिसऱ्याचं उत्तर अर्धं येत होतं मला.
पहिल्या दोनांना म्हटलं, पाडा.

तेवढ्यात दार उघडलं. हेडसर.
उजेड आत, डोंगर गायब.
'परांजपे बाई, धडा कितवा चाललाय?'
'चौथाच, सर.'
'बाकीच्यांचा सातवा झाला.'
बोलता बोलता त्यांची नजर मात्र
भिंतीवर काहीतरी शोधत होती.
दार लावून घेताना
ते आतल्या बाजूला राहिले.

घटक चाचणीत प्रश्न आला,
सूचिछिद्र कॅमेऱ्याची आकृती, दोन गुण.
सानियाने मेणबत्ती काढली नाही.
एका बाजूला बाई, डोक्यावर हंडा.
दुसऱ्या बाजूला तीच, उलटी.
किरण सरळ, छिद्रात बरोबर छेदलेले,
आणि समासात, पेन्सिलीने, बारीक:
पाणी का सांडत नाही?

फेरतपासणीत कुणीतरी अर्धा गुण कापलाय,
'मेणबत्ती अपेक्षित.'
मी तो पुन्हा दिला, सही करून.

आता हे बिल.
प्रयोजन: शैक्षणिक साहित्य, असं लिहिलं
तर उद्याच मंजूर होईल.
चिकटपट्टी सुटून एक शीट खाली आलंय,
आणि नववी अवाले विचारून गेलेत,
आमची भिंत कधी?